रुग्णालयातील हयगय आणि फौजदारी कायदा : भंडारा दुर्घटनेचा धडा

वैनगंगेच्या काठी वसलेला भंडारा जिल्हा तलावांचा, भातशेतीचा आणि पितळी भांड्यांच्या कारागिरीचा जिल्हा म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी मात्र या जिल्ह्याचे नाव एका अतिशय दुःखद घटनेमुळे देशभर उच्चारले गेले. त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर, दीड ते दोनच्या सुमारास, भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षात आग लागली. कर्तव्यावरील परिचारिकेने कक्षाचे दार उघडले तेव्हा आत धूर कोंडलेला होता. कक्षात १७ अर्भके होती. त्यांपैकी ७ अर्भकांना बाहेर काढण्यात यश आले. १० अर्भके दगावली. काहींचा मृत्यू भाजल्याने, तर बहुतेकांचा धुराने गुदमरून झाला.

ही अर्भके कोणा सधन घरची नव्हती. कमी वजनाचे किंवा अशक्त मूल जन्मास आले की खेड्यातील मजूर आणि लहान शेतकरी कुटुंबाला जिल्हा रुग्णालयाचा हा कक्ष हाच एकमेव आधार असतो. तो आधारच घातक ठरावा, यासारखे दुर्दैव नाही. घटनेनंतर राज्य शासनाने मृत अर्भकांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. विद्युत उपकरणातील बिघाडामुळे आग लागली, असे चौकशीतून सांगण्यात आले. त्याच महिन्यात रुग्णालयातील काही अधिकारी व कर्मचारी यांच्यावर निलंबन, बदली आणि सेवासमाप्ती अशी कारवाई झाली. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये कक्षातील दोन परिचारिकांविरुद्ध सदोष मनुष्यवधाचा गुन्हा पोलिसांत नोंदविण्यात आला.

गुन्हा नोंदविला जाणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. येथे कोणाचा दोष ठरविण्याचा हेतू नाही. तो अधिकार न्यायालयाचा आहे. परंतु या घटनेने गावोगावी जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरे लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. रुग्णालयात मृत्यू झाला तर तो गुन्हा केव्हा होतो? गुन्हेगार कोण ठरतो? सर्वांत जवळ उभी असलेली परिचारिका, की दुरुस्तीची फाइल थांबवून ठेवणारा अधिकारी? आणि कोणीच गुन्हेगार ठरले नाही, तर पीडित कुटुंबाला न्याय मिळण्याची वाट बंद होते काय?

एक घटना, चार वाटा

रुग्णसेवेतील हयगयीबद्दल कायद्याने चार स्वतंत्र वाटा ठेवल्या आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो.

पहिली वाट विभागीय चौकशीची. कर्मचाऱ्याने सेवानियमांचे पालन केले की नाही, एवढेच तीत पाहिले जाते. दुसरी वाट व्यावसायिक परिषदेची. डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि परिचारिकांसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद व्यावसायिक गैरवर्तनाचा विचार करते व नोंदणीसंबंधी कारवाई करू शकते. तिसरी वाट नुकसानभरपाईची, म्हणजे दिवाणी न्यायालयाची, ग्राहक आयोगाची किंवा उच्च न्यायालयातील रिट अर्जाची. चौथी वाट फौजदारी कायद्याची.

भरपाईच्या वाटेसंबंधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. परंतु जेथे सर्व रुग्णांना सर्व सेवा विनामूल्य मिळते, तेथील सेवा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. अशा शासकीय रुग्णालयाच्या बाबतीत दिवाणी दावा आणि रिट अर्ज हे मार्ग उरतात. हे मार्ग पोकळ नाहीत, हे महाराष्ट्रातीलच एका खटल्यावरून दिसून येते. १९६३ साली औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयात एका महिलेवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्या पोटात कापडी टॉवेल राहून गेला आणि काही दिवसांतच ती मरण पावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९९६ साली न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले आणि खालच्या न्यायालयाने मंजूर केलेली ३६,००० रुपयांची भरपाई कायम केली. रुग्णालयातील हयगयीमुळे मृत्यू झाला हे स्पष्ट असेल, तर नेमका कोणाचा हात चुकला हे बोट दाखवून सिद्ध झाले नाही तरी शासन आपली जबाबदारी टाळू शकत नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ होय.

फौजदारी कायद्याची रीत याच्या अगदी उलट आहे. तेथे ‘रुग्णालयाची चूक’ एवढे म्हणून भागत नाही. अमुक व्यक्तीने, अमुक वेळी, अमुक कृती केली किंवा करावयाची ती टाळली, आणि त्यामुळेच मृत्यू घडला, हे संशयातीत सिद्ध व्हावे लागते. भरपाईचा कायदा संस्थेकडे पाहू शकतो. शिक्षेचा कायदा मुख्यतः माणसाकडे पाहतो. हा भेद समजला म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल.

अपघात, हयगय आणि सदोष मनुष्यवध

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, १८६० हिच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या कृत्यांना मात्र जुनाच कायदा लागू राहतो. त्यामुळे २०२१ सालच्या भंडारा घटनेचा विचार जुन्या दंड संहितेनुसारच व्हावयाचा.

दोन्ही संहितांत मृत्यूच्या बाबतीत तीन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी निव्वळ अपघाताची. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीने, योग्य ती काळजी व सावधगिरी घेऊन करीत असता, गुन्ह्याचा हेतू किंवा जाणीव नसताना दुर्दैवाने काही घडले, तर तो गुन्हा नव्हे. ही तरतूद जुन्या संहितेत कलम ८० मध्ये होती. नव्या संहितेत ती कलम १८ मध्ये आहे.

दुसरी पायरी हयगयीची. अविचाराने किंवा हयगयीने केलेल्या कृतीमुळे मृत्यू झाला आणि ती कृती सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येत बसत नसली, तर जुन्या संहितेच्या कलम ३०४-अ खाली २ वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. मूळ संहितेत नसलेले हे कलम १८७० साली घालण्यात आले. नव्या संहितेच्या कलम १०६ च्या पहिल्या पोटकलमाने ही शिक्षा ५ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी वाढविली आहे.

तिसरी पायरी सदोष मनुष्यवधाची, म्हणजे जुने कलम ३०४ व नवे कलम १०५. या कलमाच्या दुसऱ्या भागात मारण्याचा हेतू लागत नाही. परंतु आपल्या कृतीने मृत्यू घडण्याचा संभव आहे, ही जाणीव लागते. शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. हा गुन्हा अजामीनपात्र आहे, तर हयगयीचा गुन्हा जामीनपात्र आहे.

उदाहरण घेऊ. नवजात बालकाला ऊब देणारे यंत्र नियमाने तपासलेले आहे, त्यात कसलाही दोष आढळलेला नाही, आणि तरीही एका रात्री ते अकस्मात पेटले, तर तो अपघात होय. त्याच यंत्रातून ठिणग्या उडाल्याची नोंद वहीत आहे, ज्याने ते बंद ठेवावयाचे त्याने ती नोंद पाहिली, आणि तरीही दुरुस्तीवाचून ते चालू ठेवले, तर हयगयीचा प्रश्न उभा राहतो. हे यंत्र लावले तर मूल मरण्याचा संभव आहे हे पक्के ठाऊक असूनही ते लावले, तरच तिसऱ्या पायरीचा विचार करता येईल. दुसरी व तिसरी पायरी यांच्यातील अंतर परिणामाच्या भीषणतेवर ठरत नाही. ते आरोपीच्या मनातील जाणिवेवर ठरते.

या बाबतीत भोपाळच्या वायुदुर्घटनेचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर १९८४ मधील त्या दुर्घटनेत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तरीही १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय आरोपींवरील सदोष मनुष्यवधाचा आरोप रद्द करून हयगयीचा आरोप ठेवण्यास सांगितले. कारण त्या रात्री कारखाना चालू ठेवताना मृत्यू घडेल अशी जाणीव आरोपींना होती, असे सादर झालेल्या पुराव्यावरून म्हणता येत नव्हते. २०१० साली दोषी ठरलेल्यांना शिक्षा झाली ती २ वर्षांची. या निकालाने देशभर नाराजी उसळली. दोषारोप जितका मोठा तितका तो सिद्ध करण्याचा भार जड, हे तपासी अधिकाऱ्यांनी यातून घ्यावयाचे आहे. लोकक्षोभ शमविण्यासाठी मोठे कलम लावले आणि पुरावा लहान निघाला, तर शेवटी निराशा पीडितांच्याच पदरी येते.

साधी चूक आणि घोर हयगय

डॉक्टराच्या प्रत्येक चुकीला गुन्हा म्हणता येत नाही. या विषयावरील मार्गदर्शक निर्णय म्हणजे जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य हा होय. ५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो दिला. लुधियाना येथील एका रुग्णालयात १९९५ साली एका वृद्ध रुग्णाला श्वास घेणे कठीण झाले. प्राणवायूची नळकांडी लावली, ती रिकामी निघाली. दुसरी आणीपर्यंत वेळ गेला आणि रुग्ण दगावला. डॉक्टरांवर कलम ३०४-अ खाली खटला भरण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नळकांडी उपलब्ध नसणे किंवा रिकामी असणे याबद्दल रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी कदाचित येईल. परंतु या डॉक्टरांना तेवढ्यावरून गुन्हेगार म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय घोर स्वरूपाची असली पाहिजे, हे तत्त्व या निर्णयाने पक्के केले. सर्वसाधारण कुशलतेचा व विवेकाचा कोणताही डॉक्टर त्या परिस्थितीत जे करणार नाही ते करणे, किंवा जे केल्यावाचून राहणार नाही ते न करणे, अशी ही कसोटी आहे. उपचाराला यश आले नाही किंवा दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली, म्हणजे हयगय झाली असे होत नाही.

याबरोबरच न्यायालयाने तीन सूचना दिल्या. खासगी फिर्यादीसोबत दुसऱ्या सक्षम डॉक्टराचे विश्वसनीय मत असल्याखेरीज न्यायालयाने ती विचारात घेऊ नये. तपासी अधिकाऱ्याने कारवाईपूर्वी त्याच शाखेतील, शक्यतो शासकीय सेवेतील, निःपक्षपाती डॉक्टराचे मत घ्यावे. आणि केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टराला सरसकट अटक करू नये. तपासासाठी आवश्यक असेल किंवा तो उपलब्ध राहणार नाही असे वाटेल, तरच करावी.

नव्या न्याय संहितेने आणखी एक भेद केला आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया चालू असताना हयगयीने मृत्यू झाला, तर शिक्षा २ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड एवढीच ठेवली आहे. ही सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खाली मान्य अर्हता असलेल्या व नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांसाठी आहे. परिचारिका, औषधनिर्माता, तंत्रज्ञ, विद्युत कर्मचारी यांचा समावेश त्या व्याख्येत होत नाही. त्यांना ५ वर्षांची सर्वसाधारण मर्यादा लागू होते. एकाच कक्षात, एकाच रात्री काम करणाऱ्या दोघांच्या बाबतीत कायद्याने अशी दोन मापे ठेवली आहेत, हे प्रशासनाने विसरता कामा नये. त्याचप्रमाणे ही सवलत ‘वैद्यकीय प्रक्रिया’ चालू असतानाची आहे. आग, विजेचा धक्का, इमारतीचा दोष अशा प्रसंगी तिचा आधार डॉक्टरांनाही सहजासहजी मिळेल असे कलमाच्या शब्दांवरून दिसत नाही.

प्रत्यक्ष कारण कोणते?

हयगय दिसून आली एवढ्याने काम भागत नाही. त्या हयगयीमुळेच मृत्यू झाला, हा दुवा जोडून दाखवावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ सालीच हे तत्त्व सांगितले होते : हयगयीची कृती ही मृत्यूचे निकटचे आणि परिणामकारक कारण असली पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या हयगयीच्या मध्यस्थीवाचून मृत्यू घडलेला असला पाहिजे.

आगीच्या प्रकरणी हे तत्त्व कसे लावले जाते, हे मुंबईच्या एका रंगकारखान्याच्या खटल्यात दिसते. एप्रिल १९६२ मध्ये या कारखान्यात वितळलेले डांबर पुरेसे थंड होण्यापूर्वी त्यात टर्पेंटाइन ओतण्यात आले, आग भडकली आणि ७ कामगारांचा मृत्यू झाला. कारखान्याच्या व्यवस्थापकाने परवान्यातील अटी मोडून तेथे उष्ण प्रक्रियेचे काम चालू ठेवले होते. कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, आगीबाबत निष्काळजीपणा केल्याचा गुन्हा व्यवस्थापकाविरुद्ध सिद्ध होतो. परंतु मृत्यूचे प्रत्यक्ष कारण टर्पेंटाइन घाईने ओतण्याची दुसऱ्याची कृती हे असल्याने व्यवस्थापक कलम ३०४-अ खाली दोषी ठरत नाही.

हाच विचार रुग्णालयाच्या आगीला लावून पाहावा. ठिणगी पडली ती यंत्रात. यंत्राची देखभाल एकाकडे, तारांची तपासणी दुसऱ्याकडे, आगीची सूचना देणारी घंटा बसविण्याचा प्रस्ताव तिसऱ्याच्या टेबलावर, निधी चौथ्याच्या हाती, रात्रपाळीचे वेळापत्रक पाचव्याच्या सहीचे आणि कक्षात उपस्थित राहण्याचे कर्तव्य सहाव्याचे. यांपैकी प्रत्येकाची हयगय निराळी आणि मृत्यूशी तिचे अंतर निराळे. प्रत्यक्ष कारणाचे तत्त्व यांत्रिकपणे लावले, तर शोध नेहमी सर्वांत शेवटच्या हातापाशी, म्हणजे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यापाशी, येऊन थांबतो. वरिष्ठांची हयगय दुरची म्हणून सुटते आणि कनिष्ठाची जवळची म्हणून सापडते.

असे होणे अपरिहार्य मात्र नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्यातील एका खासगी रुग्णालयाला आग लागून नव्वदहून अधिक जीव गेले, तेव्हा पोलिसांनी संचालक मंडळातील व्यक्तींना अटक केली होती. उलट ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्षास आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण दगावले, तेव्हा तीन दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्याविरुद्ध परिचारिकांनी आवाज उठविला. या दोन घटनांतील कोण दोषी वा निर्दोष हा येथील मुद्दा नाही. तपासाची सुरुवात वरून होते की खालून, यावर पुष्कळसे अवलंबून असते, हे यातून दिसते. आणि वरपर्यंत जाण्याची शिडी असते ती कागदपत्रांची.

कागद हाच साक्षीदार

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्यानुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आगीपासून संरक्षणाची साधने बसविण्याची व ती सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी आहे. ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै या महिन्यांत सादर करावयाचे असते. ज्या रुग्णालयाच्या फाइलीत ही सहामाही प्रमाणपत्रे क्रमाने लावलेली आहेत, तेथे प्रामाणिक अधिकाऱ्याला भिण्याचे कारण नाही; जेथे ती नाहीत, तेथे ती का नाहीत आणि कोणी मागितली नाहीत, हा प्रश्न आपोआप वरच्या पायरीवर जातो.

हीच गोष्ट कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या बाबतीत अधिक महत्त्वाची आहे. यंत्र गरम होते, विजेच्या खोक्यातून जळका वास येतो, रात्री एकाच परिचारिकेवर दोन कक्ष सोपविले जातात, या गोष्टी तोंडी सांगितल्या जातात आणि विरून जातात. त्या तारीख, वेळ व सही यांसह नोंदवहीत आल्या आणि त्यांची आवक शाखेची पोच घेतली, म्हणजे जाणीव कोणाला होती याचा पुरावा तयार होतो. आधी पाहिल्याप्रमाणे फौजदारी कायद्यात ‘जाणीव’ हा कळीचा शब्द आहे. लेखी कळविणाऱ्याचे संरक्षण आणि लेखी कळूनही स्वस्थ बसणाऱ्याचे उत्तरदायित्व, ही दोन्ही त्या एका कागदात सामावलेली असतात.

घटनेनंतर नोंदी बदलणे, पाने फाडणे किंवा मागील तारखेच्या सह्या करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पुरावा नाहीसा करण्याबद्दल जुन्या संहितेत कलम २०१ होते, नव्या संहितेत कलम २३८ आहे. मूळ घटनेत निर्दोष असलेला कर्मचारीही भीतीपोटी केलेल्या अशा कृत्याने आरोपी होऊ शकतो.

तपासातील नव्या तरतुदी

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील काही तरतुदी येथे उपयोगी पडणाऱ्या आहेत. घटना कोठेही घडलेली असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ३ वर्षे किंवा त्याहून अधिक, परंतु ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. वैद्यकीय हयगयीच्या प्रकरणांत अशी चौकशी करता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच म्हटले होते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत खबर देणाऱ्यास किंवा पीडितास कळविणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. खेड्यातील कुटुंबाला ठाण्यात वारंवार खेटे घालावे लागतात. त्यांना या तरतुदीची माहिती करून देणे हे गावातील जाणत्या माणसांचे काम आहे.

संतापाला कायद्याची मर्यादा

रुग्ण दगावला की नातेवाइकांचा संताप समजण्यासारखा असतो. तो हातघाईवर आला, की मात्र फिर्यादीचाच आरोपी होतो. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसेला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २०१० चा अधिनियम अशा कृत्यांना दखलपात्र व अजामीनपात्र ठरवितो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. शिवाय मोडतोड केलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या दुपटीने भरपाई द्यावी लागते. मोडतोडीत आणखीही एक नुकसान होते. ज्या कक्षात पुरावा असतो, तोच उद्ध्वस्त होतो.

गावपातळीवरील कर्तव्ये

जिल्हा रुग्णालय राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. या केंद्रांच्या रुग्ण कल्याण समित्यांत लोकप्रतिनिधींना स्थान असते. समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि खरेदी यांबरोबर तीन प्रश्न नियमाने विचारले जावेत. विजेच्या जोडण्यांची तपासणी शेवटची केव्हा झाली? आगीची उपकरणे कोणाला चालविता येतात? रात्रपाळीला प्रत्यक्ष किती माणसे असतात? प्रश्न आणि उत्तर ही दोन्ही इतिवृत्तात आली पाहिजेत. तोंडी आश्वासन इतिवृत्तात नसेल, तर ते दिले गेलेच नाही असे समजावे.

शिक्षकांकडे गावातील माणूस अर्ज लिहून घ्यावयास येतो. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रुग्णाच्या उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत, असे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांत नमूद आहे. आणि प्रमाणपत्रे, तपासणी अहवाल, पत्रव्यवहार यांच्या प्रती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येतात. तपासात अडथळा येईल एवढ्यापुरतीच त्याला मर्यादा आहे. अर्जात आरोपांची भाषा नसावी. तारीख, वेळ, कक्ष, कर्तव्यावरील व्यक्ती आणि घडलेला क्रम एवढेच नेमके लिहावे. असा अर्ज पुढे पुरावा म्हणून उभा राहतो.

अधिकाऱ्यांचे कर्तव्य याहून मोठे आहे. हाताखालच्या माणसाने लेखी कळविलेल्या धोक्यावर लेखी निर्णय घेणे, निधी नसेल तर तसे वरिष्ठांना लेखी कळविणे, आणि धोका मोठा असेल तर पर्यायी व्यवस्था होईपर्यंत तो कक्ष किंवा ते यंत्र बंद ठेवणे, ही ती कर्तव्ये होत. कक्ष बंद ठेवल्याबद्दल जनतेचा रोष पत्करावा लागेल. पण तो परवडणारा आहे.

भंडारा येथील घटनेनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी अहमदनगरची घटना घडली, यावरून आदेश आणि अंमलबजावणी यांतील अंतर किती जीवघेणे असते ते कळते. फौजदारी कायदा मृत्यूनंतर येतो. तो एखाद्याला शिक्षा देईल, एखाद्याची निर्दोष सुटका करील. पाळण्यातले मूल तो परत आणू शकत नाही. त्याचा खरा उपयोग आधी आहे. आपल्या सहीवाचून एक कागद टेबलावर पडून आहे, आणि उद्या न्यायालयात त्या कागदाबद्दल प्रश्न विचारला जाईल, ही जाण प्रत्येक पातळीवर राहिली, तर जिल्हा रुग्णालयात मूल सोपवून दाराबाहेर बसणाऱ्या आईला निर्धास्तपणे डोळा लावता येईल.